रस्सा, पाणी आणि परवाना : कोल्हापुरातल्या हॉटेल-खानावळवाल्यांसाठी अन्न नोंदणी व तपासणी

अन्न व औषध प्रशासनाचा अधिकारी हॉटेलात आला की आधी गल्ल्यामागचा परवाना वाचतो आणि मग भटारखान्यात शिरतो. परवान्यावर ‘उपाहारगृह’ लिहिलेलं असतं. आत मात्र लग्नाच्या ऑर्डरची भांडी लागलेली असतात, कोपऱ्यात चिवड्याची पाकिटं सील होत असतात. पहिला शेरा तिथेच पडतो, अन्नाला हात लावायच्या आधी. म्हणून सुरुवात कागदापासून करू. पण पुढे जास्त वेळ घालवायचाय तो पाण्यावर आणि उरलेल्या रश्श्यावर, कारण माणसं आजारी पडतात ती कागदाने नव्हे.

नोंदणी की परवाना

कायदा २००६ चा, अन्न सुरक्षा व मानके कायदा. नोंदणी-परवान्याची नियमावली २०११ ची, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू. कलम ३१ प्रमाणे अन्नाचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाला दोनपैकी एक लागतं. छोट्याला नोंदणी, मोठ्याला परवाना. गाडा, चहाची टपरी, घरातून चालणारी मेस यांतलं कुणीही सुटत नाही. अंबाबाईच्या देवळाजवळचं यात्री निवास फक्त चहा-नाश्ता देत असेल तरी तेही यात येतं. नाश्ता बाहेरून मागवत असाल, तर देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक असलेलं बिल रोज घ्या.

२०११ च्या नियमावलीने नोंदणी आणि परवाना यांच्यातली रेषा वार्षिक १२ लाखांच्या उलाढालीवर आखली. त्यापुढे २० कोटींपर्यंत राज्य परवाना, त्याहून वर केंद्रीय. फी नोंदणीला वर्षाला १०० रुपये, उपाहारगृहाच्या राज्य परवान्याला वर्षाला २,०००. या मर्यादा, फी आणि मुदती अधिसूचनेने बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशी फॉस्कॉस या सरकारी ऑनलाइन पोर्टलवर दिसणारा आकडाच अंतिम धरा.

मर्यादा कुठलीही असो, तिला ३६५ ने भागून बघायची सवय लावा. १२ लाख म्हणजे दिवसाला सरासरी ३,३०० रुपये. ८० रुपयांच्या मिसळीच्या जेमतेम ४१ प्लेट. राजारामपुरीत किंवा महाद्वार रोडला तेवढ्या सकाळी दहापर्यंत संपतात. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, गल्ल्यात येणारा एकूण पैसा. जीएसटीच्या विवरणात एक आकडा आणि अन्न नोंदणीत दुसरा, ही विसंगती शोधायला कुणाला भटारखान्यातही यावं लागत नाही.

व्यवसायाचा प्रकार : बहुतेकांचं इथेच चुकतं

फॉस्कॉस पोर्टलवर (२०२० पासून जुन्या प्रणालीच्या जागी हेच आहे) पहिला महत्त्वाचा प्रश्न व्यवसायाच्या प्रकाराचा येतो. त्याच जागेत जे जे करता ते सगळं निवडा. बसवून जेवण देत असाल तर उपाहारगृह. मंगल कार्यालयात ऑर्डर नेत असाल तर त्याबरोबर केटरर. कांदा-लसूण चटणी किंवा चिवडा स्वतःच्या नावाच्या पाकिटात भरून विकत असाल तर तो उत्पादक झाला, आणि पाकिटाला लेबलचे सगळे नियम लागले. उत्पादक म्हणून परवाना घेतला की दरवर्षी ३१ मेच्या आत वार्षिक विवरणही भरावं लागतं. नुसत्या उपाहारगृहाला ते नाही.

एजंट सहसा सर्वांत सोपा प्रकार टाकून मोकळा होतो. त्याने फॉर्म भरला तरी लॉगिन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा, मोबाइल क्रमांक आणि ईमेलही स्वतःचाच द्या. नूतनीकरणाची सूचना, त्रुटीचा शेरा, नोटीस असं सगळं त्याच खात्यावर येतं. एजंटचा नंबर लावलेल्या हॉटेलांचे परवाने मालकाला पत्ता न लागता संपतात.

अर्ज भरताना

नोंदणीसाठी फॉर्म ए. मालकाचा फोटो, ओळखपत्र आणि जागेचा पुरावा एवढ्यावर काम होतं. परवान्यासाठी फॉर्म बी. त्याला जागेचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल किंवा घरफाळ्याची पावती), भागीदारी असेल तर करारपत्र, भागीदारांची ओळखपत्रं, जबाबदार व्यक्ती नेमल्याचा फॉर्म नऊ, अन्न सुरक्षा व्यवस्थापनाचा आराखडा आणि पाण्याचा तपासणी अहवाल तयार ठेवा. पोर्टल निवडलेल्या प्रकारानुसार यादी देतं, त्यातलं काही गाळू नका.

जागेच्या पुराव्यात कोल्हापुरात हमखास एक अडचण येते. जुन्या पेठांतले गाळे आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर आणि हॉटेल पुतण्याचं. अशा वेळी नोटरी केलेलं संमतीपत्र आणि घरफाळ्याची चालू पावती एकत्र जोडा. पत्ताही बिलावर आहे तसाच टाका, वॉर्ड आणि सिटी सर्व्हे नंबरासह. ‘बिंदू चौकाजवळ’ हा पत्ता रिक्षावाल्याला पुरतो, पोर्टलला नाही.

व्यवस्थापनाचा आराखडा हे नाव मोठं आहे, काम साधं. कच्चा माल कुठून येतो, कुठे ठेवता, किती शिजवता, शिजल्यावर कुठल्या तापमानाला ठेवता, उरलेल्याचं काय करता आणि हे कोण बघतं, एवढं तुमच्या भटारखान्याप्रमाणे दोन पानांत लिहायचं. नेटवरून उतरवलेल्या आराखड्यात ‘ब्लास्ट चिलर’ असतो आणि आत एक घरगुती फ्रीज. अधिकाऱ्याने ते वाचलं की तुमच्या बाकीच्या कागदांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

अर्ज सादर झाल्यावर नोंदणीचा निर्णय ७ दिवसांत अपेक्षित असतो. तपासणी लावली तर ३० दिवसांत. परवान्यासाठी पूर्ण अर्जापासून ६० दिवस. मध्ये त्रुटी काढली तर उत्तराला ३० दिवस मिळतात. ते चुकले की अर्ज बाद आणि फी गेली. म्हणून दर दोन दिवसांनी खातं उघडून बघा.

हातात येणारा क्रमांक १४ आकडी असतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर नोंदणी. राज्याच्या क्रमांकात पुढचे दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राला १५) आणि त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे ११५ ने सुरू होणारा क्रमांक महाराष्ट्राचा राज्य परवाना, २१५ ने सुरू होणारी इथली नोंदणी. पनीरवाला, मटणवाला, फरसाणवाला बिलावर जो क्रमांक छापतो तो पोर्टलवर टाकून बघा. मुदत संपलेले क्रमांक बिलांवर वर्षानुवर्षं छापले जातात.

परवाना ग्राहकाला दिसेल असा लावायचा, सोबत अन्न सुरक्षा फलक. १ जानेवारी २०२२ पासून बिलावरही क्रमांक छापणं बंधनकारक आहे, आणि हाताने फाडायच्या बिलबुकाला ते लागू नाही असा समज चुकीचा आहे.

महापालिकेचा व्यवसाय परवाना, अग्निशमनची कागदपत्रं आणि दुकाने-आस्थापना कायद्याखालची नोंद (ठरावीक संख्येपेक्षा कमी कामगार असतील तर नुसती सूचना पुरते) ही कामं वेगळी आहेत. अन्न परवाना असला म्हणून ती टळत नाहीत.

जागा

२०११ च्या नियमावलीचं परिशिष्ट चार हा तपासणीचा पाया. नोंदणीवाल्यांना त्याचा भाग एक, परवानावाल्यांना भाग दोन, आणि केटरिंग-उपाहारगृहांना शिवाय भाग पाच. जागेबाबत वारंवार निघणाऱ्या त्रुटी सांगतो. शौचालयाचं दार थेट भटारखान्यात उघडतं. हात धुवायचं बेसिन नसतं, असलं तर त्यात भांडी पडलेली असतात. शेगडीवरचा बल्ब उघडा असतो. मोरीला जाळी नसते. जमिनीला मोरीकडे उतार नसतो, मग कडेला पाणी साचतं आणि झुरळं तिथून येतात. यातलं शौचालयाचं दार सोडलं तर बाकीचं एका आठवड्यात आणि थोड्या पैशांत निघतं. दार हलवता येत नसेल तर मध्ये आडोशाची भिंत किंवा आपोआप बंद होणारं दुसरं दार लावा.

फ्रीजमध्ये शिजलेलं वर, कच्चं मटण-मासे खाली. उलटं ठेवलं की कच्च्याचं पाणी खालच्या दह्यावर गळतं. फळी आणि सुरी कच्च्याला वेगळी, कोशिंबिरीला वेगळी. रंगीत फळ्या घेतल्या तर नवीन पोऱ्यालाही समजतं.

पाणी

पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्याचा मापदंड म्हणजे आयएस १०५०० हे भारतीय मानक. त्यात १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय शून्य हवा, आणि क्लोरिनने शुद्ध केलेल्या पाण्यात मोकळा क्लोरिन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा. नळाला चांगलं पाणी येतं म्हणून टाकीतलं चांगलं असतं असं नाही. त्यात उन्हाळ्यात टँकर, काही ठिकाणी बोअर आणि सगळं एकाच टाकीत.

नमुना टाकीतून नव्हे, स्वयंपाकाच्या नळातून घ्या. जंतूंच्या तपासणीला प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच लागते, कारण तिच्यात क्लोरिन निष्प्रभ करणारं रसायन असतं. बिस्लेरीच्या रिकाम्या बाटलीतला अहवाल निरुपयोगी. नळाचं तोंड पुसा, पाणी दोन मिनिटं सोडा, बाटली भरा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोचवा. वर्षातून एकदा पुरे असं बरेच मानतात. कोल्हापूरचा पाऊस बघता मे आणि सप्टेंबर असे दोन अहवाल ठेवावेत, असं आमचं मत.

टाकीच्या शुद्धीकरणाला ३३ टक्के क्लोरिनची ताजी ब्लीचिंग पावडर असेल तर १,००० लिटरला सुमारे ३ ग्रॅमने लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास मात्रा मिळते. बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरचं निवळ टाकीत सोडा, अर्धा तास थांबा आणि मग क्लोरिन पट्टीने तपासा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर मेलेली असते. पट्टी रंग दाखवत नसेल तर मात्रा नव्हे, पावडर बदला.

कच्च्या खायच्या भाज्यांना, म्हणजे मिसळीवरची कोथिंबीर, काकडी, टोमॅटो यांना ५० पीपीएम (लिटरला ५० मिलिग्रॅम) क्लोरिनचं पाणी. ४ टक्क्यांचं खाद्य दर्जाचं हायपोक्लोराइट (क्लोरिनचं द्रावण) १० लिटर पाण्यात १२ ते १३ मिली. भाजी पाच मिनिटं बुडवून मग पिण्याच्या पाण्याने धुवा.

बर्फ खायच्या पाण्याचा, परवानाधारकाकडूनच घ्यायचा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फ निळा करायचा नियम आहे. निळा बर्फ सरबताच्या पेटीजवळ दिसला तर खुलासा करणं अवघड जातं.

उरलेला रस्सा

मटण शिजवताना कोल्हापुरात कुणी चुकत नाही. अधिकाऱ्याच्या तपासणी तक्त्यात मांसाहारी पदार्थ आतपर्यंत ७० अंशांवर २ मिनिटं किंवा ७५ अंशांवर १५ सेकंद मागितले आहेत, आणि इथलं मटण त्याच्या कितीतरी पुढे जातं. चुकतं ते दुपारी तीननंतर. गॅस बंद होतो, ४० लिटरचा टोप झाकण लावून तिथेच राहतो आणि संध्याकाळी सातला पुन्हा उकळी येते. त्या चार तासांत मधला रस्सा कोमट असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे बीजाणू उकळीत मरत नाहीत, आणि चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास ते सर्वांत वेगाने वाढतात. टोप जितका मोठा आणि झाकण जितकं घट्ट, तितका त्यांचा फायदा.

दोनच मार्ग आहेत. गरम ठेवायचं तर खरंच गरम. तपासणी तक्त्यात शाकाहारी पदार्थाला ६५ आणि मांसाहारीला ७० अंश दिले आहेत. रस्सा मंद आचेवर वाफाळत राहिला की ते जमतं. नाहीतर झटपट थंड करायचा. ६० वरून २१ अंशांवर २ तासांत, आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या २ तासांत.

झटपट थंड करायची पद्धत अशी. रस्सा पसरट स्टीलच्या ट्रेमध्ये दोन-तीन इंच खोलीने ओता. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा. दर दहा मिनिटांनी स्वच्छ पळीने ढवळा. २१ अंशांखाली आला की फ्रीजमध्ये, एकावर एक न रचता. गरम टोप सरळ फ्रीजमध्ये ढकलला तर रस्सा थंड होत नाहीच, शेजारचं दही आणि मटणही १२-१५ अंशांवर जातं. परत काढताना आतून ७५ अंश, किमान २ मिनिटं, आणि एकदाच. दुसऱ्यांदा उरलेलं टाकायचं.

पांढरा रस्सा तांबड्यापेक्षा लवकर बिघडतो. नारळाचं दूध, खसखस, काजू अशी सगळी जंतूंची आवडती सामग्री त्यात असते, आणि फुटेल म्हणून तो जोरात उकळतही नाहीत. यावर सोपा तोडगा म्हणजे अळणी (मटणाचं बिनमसाल्याचं पाणी) वेगळी थंड करून ठेवायची आणि नारळाचं दूध प्रत्येक पंगतीला लागेल तेवढंच घालायचं. चवही त्यानेच चांगली राहते, हे जुन्या आचाऱ्यांना सांगावं लागत नाही.

भाताला हाच नियम. त्यातला बॅसिलस सेरिअस हा जंतू उलटीचं विष सोडतो आणि ते परत तापवून जात नाही. सकाळचा भात रात्रीच्या फोडणीच्या भातात वापरणं हे त्याचं नेहमीचं निमित्त.

तापमान मोजायला टोचायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. बर्फ आणि पाण्याच्या लगद्यात तो ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात कोल्हापुरात ९८ च्या आसपास येईल. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असल्याने १०० येणार नाही, म्हणून चांगला थर्मामीटर बिघडलेला समजू नका.

तांबड्याचा रंग मिरचीचाच हवा. रश्श्यात कृत्रिम खाद्यरंगाला परवानगी नाही, तो ‘खाण्याचा’ असला तरी. तंदूर आणि मंचुरियनलाही नाही. डंकावर कुटून आणलेल्या चटणीच्या डब्यावर कुटल्याची तारीख आणि मिरची-मसाल्याच्या खरेदीची बिलं ठेवा. नमुन्यात रंग सापडला तर तो मिरचीतून आला की तुम्ही घातला, हे बिलांशिवाय सांगता येत नाही.

मिसळ, तेल, मासे, पनीर

मटकीला मोड आणायची ऊब जंतूंनाही मानवते. म्हणून भिजवायला पिण्याचं पाणी, फडकं रोज उकळून आणि मोड आल्यावर लगेच शिजवणं किंवा फ्रीज. कट ६५ अंशांच्या वर. चिरलेला कांदा दोन तासांत संपेल एवढाच काढा.

तेलाचा निकष एकूण ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारी) २५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, हा १ जुलै २०१८ पासून आहे. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्याने वापराची नोंदवही ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यायचं. मीटर नसेल तर फेस खाली न बसणं, कमी आचेवर धूर आणि चिकट थर ही टाकायची खूण. वड्याच्या कढईतलं उरलेलं तेल कटाच्या फोडणीला ओतायचा मोह सर्वांनाच होतो. तर्रीचा रंग त्याने झाकला जातो, संयुगं झाकली जात नाहीत.

मालवण-रत्नागिरीचे मासे घाट चढून येतात. प्रत्येक खोक्यात बर्फ उरलाय का ते उतरवतानाच बघा आणि माशाच्या पोटात थर्मामीटर टोचा. ५ अंशांच्या वर असेल तर परत पाठवा. बांगडा, सुरमई, कुपा उष्णतेत राहिले की त्यांच्यात हिस्टामाइन तयार होतं. ते तळून जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, आणि लोक त्याला मसाल्याची ॲलर्जी समजतात.

पनीरऐवजी वनस्पती तेलाचा ॲनालॉग (पनीरसारखा दिसणारा पर्याय) वापरत असाल तर मेन्यूत ‘पनीर’ लिहू नका. स्वस्त माल वापरणं हा गुन्हा नाही, तो पनीर म्हणून विकणं हा आहे.

माणसं

अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाचं वर्षातून एकदा वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. परिशिष्टातल्याच नमुन्यात, नोंदणीकृत डॉक्टरांच्या सही-शिक्क्याने. त्यात शारीरिक तपासणी, डोळे, त्वचा आणि टायफॉइडसारख्या आतड्याच्या आजारांची लस असते. भांडी घासणाऱ्या मावशी आणि वेटरही यात आले. माणसं सतत बदलतात, म्हणून नवीन माणूस आला की पहिल्या आठवड्यात हे उरका. दर २५ कामगारांमागे फॉस्टॅक हे सरकारी अन्न सुरक्षा प्रशिक्षण घेतलेला एक पर्यवेक्षक हवा. मालक स्वतः प्रशिक्षण घेतो आणि दिवसभर गल्ल्यावर बसतो. त्यापेक्षा मुख्य आचाऱ्याला पाठवा.

जुलाब, उलटी, कावीळ किंवा हातावर पिकलेली जखम असलेल्याला घरी पाठवायचं. त्या दिवसाचा पगार कापला तर तो जखम लपवून कामावर येईल. एका दिवसाचा पगार त्यापेक्षा स्वस्त पडतो.

नोंदी

जाड वही एकच घ्या आणि विभाग पाडा : फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा, रस्सा थंड केल्याची वेळ आणि अंश, तेल बदल, टाकीची सफाई, कीटकनियंत्रण. बिलं आणि प्रमाणपत्रं फाईलला. खोट्या नोंदी लांबून ओळखू येतात. महिनाभर एकाच पेनाने, एकाच हाताने, रोज ४.० अंश. खऱ्या वहीत कधीतरी ९ अंश असतो आणि पुढे लिहिलेलं असतं : ‘दाराचं रबर सैल, बदललं, दूध टाकलं.’ अशी एक ओळ महिनाभराच्या ४.० पेक्षा जास्त उपयोगी पडते.

अधिकारी आल्यावर

ओळखपत्र बघायला मागायचा तुम्हाला हक्क आहे, तो नम्रपणे बजावा. अडवणूक मात्र नको, कलम ६२ खाली तो स्वतंत्र गुन्हा आहे. एक माहितगार माणूस सोबत द्या आणि गडबडीत माल हलवू नका. केटरिंगचा तपासणी तक्ता ११४ गुणांचा आहे. त्यातल्या तारांकित मुद्द्यांना जास्त वजन असतं, आणि पाणी, तापमान, थंड करणं हे त्यातच येतात. नोंद मोबाइलवर फोटोसह होते. झाकण लावणं, बल्बला कव्हर, कालबाह्य पाकीट बाजूला काढणं यासारखं जे तिथल्या तिथे करता येईल ते करा आणि केल्याची नोंद घ्यायला सांगा. अहवाल वाचूनच सही करा आणि प्रत ठेवा.

नमुना घेतला तर त्याची किंमत तुम्हाला मिळते आणि फॉर्म पाच-ए ची सूचना हातात येते. नमुन्याचे चार भाग होतात. एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (तपासणी अधिकाऱ्याचा वरिष्ठ). चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा अशी विनंती तुम्ही त्याच वेळी, लेखी आणि स्वतःच्या खर्चाने करू शकता. नंतर आठवून उपयोग नसतो. विश्लेषकाचा अहवाल १४ दिवसांत अपेक्षित असतो. तो मान्य नसेल तर ३० दिवसांत अपील.

त्रुटी निघाल्या तर कलम ३२ ची सुधारणा नोटीस येते आणि तिच्यात किमान १४ दिवस द्यावेच लागतात. उत्तर मुद्द्यागणिक द्या : त्रुटी, काय केलं, तारीख, फोटो, बिल. ‘सर्व त्रुटी दूर केल्या आहेत’ या एका ओळीच्या उत्तरावर पुन्हा तपासणी लागते. जे मुदतीत होणार नाही, उदाहरणार्थ फरशी उखडणं, त्याचं वेळापत्रक आधीच लिहून कळवा. नोटिशीकडे दुर्लक्ष केलं तर परवाना स्थगित होतो, मग रद्द. अस्वच्छतेसाठी कलम ५६ खाली दंड १ लाखापर्यंत, निकृष्ट मालासाठी कलम ५१ खाली ५ लाखांपर्यंत.

नूतनीकरण आणि मालकी

नूतनीकरणाचे आकडेही अर्जाच्या दिवशी पोर्टलवर ताडून घ्या. २०११ च्या नियमावलीप्रमाणे अर्ज मुदतीआधी १८० दिवसांपासून करता येतो. शेवटच्या ३० दिवसांत गेलात तर रोज १०० रुपये विलंब आकार. मुदत संपल्यावर ९० दिवसांपर्यंत वार्षिक फीच्या तिप्पट, १८० दिवसांपर्यंत पाचपट दंड, आणि त्यानंतर नवा परवाना, नवा क्रमांक. सगळी बिलं-बोर्ड-पाकिटं नव्याने छापायची.

चालू हॉटेल विकत घेतलं तर आधीच्या मालकाचा परवाना तुमच्या कामाचा नाही, तुमच्या नावाने नवा काढा. मालकाचं निधन झालं तर वारसांना त्याच परवान्यावर ९० दिवस धंदा चालवता येतो, तेवढ्यात नाव बदलाचा अर्ज जायला हवा.

पूर आल्यावर

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दुधाळीपर्यंत शिरलं होतं. खालच्या भागात हॉटेल असेल तर जूनमध्येच धान्य कंबरेच्या वर चढवा. पुराच्या पाण्याला लागलेलं सगळं टाकायचं. पोती, पाकिटं, झाकणाच्या बरण्या, बाटल्यासुद्धा, कारण पाणी झाकणाच्या आट्यांतून आत जातं. टाकण्याआधी विम्यासाठी फोटो आणि यादी. लाकडी फळ्या आणि तडे गेलेलं प्लास्टिक धुऊन भागत नाही. चिखल धुवा, साबणाने घासा, मगच ब्लीचिंगचं पाणी मारा, कारण चिखलावर क्लोरिन चालत नाही. फ्रीजच्या मोटरमध्ये पाणी गेलं असेल तर दुरुस्तीनंतर चोवीस तास रिकामा चालवून तापमान बघा. टाकी दोनदा धुवा आणि नळाचं पाणी सुरळीत झाल्यावर नवा नमुना द्या. अहवाल येईपर्यंत पिण्याला सीलबंद जार, स्वयंपाकाला उकळलेलं पाणी आणि कोशिंबीर बंद.